रोजकीर्द आणि ताळेबंद

जुना कागद हातीं आला म्हणजे त्यांत काय लिहिलें आहे हें आपण उत्सुकतेनें वाचतों. तो आपल्यापर्यंत आला कसा, हें मात्र क्वचितच विचारतों. वास्तविक दोनशें वर्षांचा कागद म्हणजे आग, पाऊस, वाळवी, लूट आणि वारसांची अनास्था या सर्वांच्या तावडींतून सुटलेला जीव होय. ही सुटका आपण दैवाच्या खातीं जमा करून मोकळे होतों. पण थोडें खोल पाहिलें तर असें दिसतें कीं, तींत दैवापेक्षां कोणा एका अनाम कारकुनाच्या शिस्तीचा वांटा मोठा असतो. हा विचार मनांत पुन्हां जागा होण्यास अलीकडे एक अगदीं आधुनिक निमित्त घडलें, तें प्रथम सांगतों.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयांत जुनीं मासिकें, कांहीं पोथ्या आणि नागपुरांतील घराण्यांकडून आलेले कागद आहेत. त्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत सांठविण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें चाललें आहे. ज्या मोठ्या संगणकावर तीं ठेवतात त्यास आमचे तरुण सहकारी सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर एका उन्हाळ्यांत अचानक बंद पडला आणि चार दिवस आम्हां सर्वांचा जीव टांगणीला लागला. तो सुदैवानें पुन्हां सुरू झाला. परंतु त्या चार दिवसांचा धसका घेऊन असें ठरलें कीं, संग्रहाची दुसरी प्रत दूर पुण्यास, दुसऱ्या सर्व्हरवर, ठेवावी. ग्रंथालय-समितीच्या बैठकींत संगणक विभागाचे एक तरुण अध्यापक आराखडा घेऊन आले आणि त्यांनीं आमच्यापुढें एक पेंच टाकला. दररोज रात्रीं सारा संग्रह मुळापासून पुण्यास पाठवावयाचा, कीं कालच्यानंतर जें नवें आलें अगर बदललें तेवढेंच पाठवावयाचें? पहिल्या रीतीस ते पूर्ण बॅकअप म्हणत होते, दुसरीस वाढीव बॅकअप. पूर्ण प्रत पाठवूं गेल्यास रात्र पुरत नाहीं. वाढीव भाग पाठविल्यास काम घटकाभरांत उरकतें. पण मूळ नष्ट होऊन तें पुन्हां उभें करावयाची वेळ आली, तर आरंभीची पूर्ण प्रत आणि तिच्यामागून आलेल्या सगळ्या पुरवण्या क्रमानें, एकही न गळतां, लावाव्या लागतात. मधली एक गहाळ झाली कीं तिच्यापुढच्या साऱ्या अधांतरीं लोंबकळतात.

समितींतील एका वडील सभासदांनीं विचारलें, "मग यांत स्वस्त कोणतें?" प्रश्न वाजवी होता. माझ्या मनांत मात्र असें आलें कीं, या प्रश्नाचें उत्तर आपल्या या नागपुरानें पूर्वींच फार महाग किंमत देऊन विकत घेतलें आहे. बैठकींत तें सांगत बसण्यास अवकाश नव्हता. म्हणून येथें लिहीत आहें.

हा पेंच संगणकानें नव्यानें निर्माण केलेला नाहीं. मराठी दप्तरांत त्याच्या दोन्ही बाजूंस स्वतंत्र नांवें होतीं. ज्या त्या दिवशीं जें आलें, गेलें, दिलें, घेतलें त्याची तारीखवार नोंद ती रोजकीर्द. त्याच नोंदी बाबवार वेगळ्या काढून लावणें ती खतावणी. आणि वर्षाच्या शेवटीं सर्व जमाखर्च एकत्र बांधून त्याचा मेळ दाखविणें तो ताळेबंद. पेशव्यांच्या रोजकीर्दींतील निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनीं तयार केले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभीं छापून निघाले, तेव्हां मराठी राज्याचा कारभार प्रत्यक्ष कसा चाले हें प्रथमच सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें आलें. न्यायमूर्ति रानडे यांनीं या रोजनिशांना प्रस्तावना लिहिली, ती त्यांचें हें महत्त्व ओळखूनच.

आतां या दोन कागदांचा स्वभाव पाहा. रोजकीर्द कालच्या शिलकेवर उभी असते. आजचें पान कालच्या पानावांचून अर्थहीन. म्हणून ती लिहिण्यास हलकी, पण एकटी उभी राहण्यास असमर्थ. ताळेबंद स्वतःच्या पायांवर उभा असतो. त्यास मागल्या पानाची याचना करावी लागत नाहीं. परंतु तो रोज बांधूं म्हटल्यास कारकुनांस दुसरें कामच उरणार नाहीं. म्हणून आपल्या पूर्वजांनीं दोहोंचा संसार एकत्र मांडला: सालभर रोजकीर्द चालवावयाची, मृगास नवें साल लागण्याच्या सुमारास जुन्याचा मेळ घालावयाचा आणि नवी कीर्द मागील बाकीवर उघडावयाची. यांतली खुबी अशी कीं, मधलें एखादें पान फाटलें तरी होणारा घोंटाळा पुढल्या ताळेबंदापर्यंतच पसरतो. तेथें हिशेबाचे पाय पुन्हां जमिनीस लागतात. ही उपमा तंतोतंत जुळत नाहीं हें कबूल केलें पाहिजे. ताळेबंद हा गोषवारा आहे, तर संगणकाची पूर्ण प्रत ही गोषवारा नसून अक्षरशः सर्वच्या सर्व मजकूर असतो. परंतु लांबत जाणाऱ्या साखळीस मधून मधून भक्कम खुंटा देणें, हें जें दोहोंचें कार्य, तें एकच आहे.

पण रोजकीर्द आणि ताळेबंद हीं दोन्हीं एकाच घरांत, एकाच छपराखालीं असलीं तर? या प्रश्नाचें उत्तर पुण्यास इ. स. १७६३ त मिळालें, आणि तें देणारांत आपले नागपूरकर होते.

पानिपतास दोन वर्षें झालीं होतीं. गादीवर आलेला माधवराव वयानें कोवळा होता, आणि घरांत चुलत्याशीं तंटा होता. ही संधि साधून निजामअल्ली पुण्यावर चालून आला. त्याच्या छावणींत नागपूरचे जानोजी भोसले सामील होते. पेशव्यांची मुख्य फौज दूर होती. शहर लुटलें गेलें, जाळलें गेलें. गोपिकाबाई आणि धाकटा नारायणराव यांस सिंहगडावर हलविलें होतें. ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे कीं, सिंहगडाच्या पायथ्याच्या गांवीं मराठ्यांच्या इतिहासाचे सरकारी कागद होते, ते या वेळीं शत्रूनें लावलेल्या आगींत नष्ट झाले. त्याच सालच्या १० ऑगस्टला राक्षसभुवनावर निजामाचा मोड झाला. तोंपर्यंत जानोजी पुन्हां पेशव्यांकडे वळले होते, आणि राजकारणाचा हिशेब कसाबसा मिटला. कागदांचा हिशेब मात्र मिटला नाहीं. माणसें तह करूं शकतात; राखेशीं तह करतां येत नाहीं.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेण्यासारखी आहे. कागदांची काळजी घेतली गेली नव्हती असें नाहीं. शहर सोडून ते गडाकडे नेले होते. म्हणजे ते हलविले होते. पण त्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती. हलविणें आणि नक्कल ठेवणें या दोन क्रिया दिसण्यांत सारख्या, पण परिणामीं अगदीं भिन्न आहेत. हलविलेली वस्तु जेथें जाते तेथें आपलें संकट बरोबर नेते. नकलेचें संकट आणि मुळाचें संकट हीं निराळीं असतात. दूरच्या सर्व्हरचें सारें महत्त्व एवढ्या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

मग १७६३ पूर्वीचा इतिहास आपणांस कळतो तरी कसा? तो कळतो मुख्यतः पत्रांवरून. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला. त्यांत १७५० पासून पानिपतापर्यंतचा पत्रव्यवहार आहे, आणि तो सरकारी दप्तराच्या बाहेर खाजगी घरांत राहिला होता. पत्राचा हा एक मोठा गुण आहे. तें लिहिणाराच्या घरून निघतें आणि घेणाराच्या घरीं राहतें. लिहिणाराचें घर जळालें तरी त्याचे शब्द दुसऱ्या गांवीं सुखरूप असतात. पत्र धाडणाराच्या मनांत बहुधा हा हेतु नसतो. तरीहि प्रत्येक पत्र ही दूरच्या गांवीं ठेवलेली एक लहानशी ठेव असते.

परंतु पत्र हें रोजकीर्दीच्या जातीचें आहे, ताळेबंदाच्या नव्हे. आणि वाढीव साखळीचे सर्व दोष त्यांत उतरलेले आहेत. परदरबारीं असलेला वकील आपल्या धन्यास लिहितो तेव्हां मुळापासून आरंभ करीत नाहीं. मागील पत्रीं लिहिल्याप्रमाणें अमुक झालें, असें म्हणून तेथून पुढें चालतो. मागून कांहीं सुचलें तर पुरवणी जोडतो. अधिक नाजूक मजकूर असेल तर तो जासूदजोडीच्या तोंडीं सांगून धाडतो, आणि तो मजकूर कायमचा वाऱ्यावर जातो. वाचणारास मागलें सारें ठाऊक आहे अशी त्याची खात्री असते. त्या काळच्या वाचणारास तें ठाऊक होतेंहि. दोनशें वर्षांनंतर रुमाल सोडून बसलेल्या संशोधकास मात्र तें ठाऊक नसतें. त्याच्या हातीं सत्ताविसावें पत्र असतें आणि सव्विसावें नसतें.

यांत आणखी एक अडचण आहे. बहुसंख्य मराठी पत्रांत मुसलमानी महिना व चंद्र लिहिलेला असतो, पण वर्ष नसतें. पत्र पोहोंचल्यावर माथ्यावर 'पौ' अशी खूण करून मिति टाकीत, तींतहि बहुधा वर्ष नसे. दोन्ही टोकांच्या माणसांस चालू साल कोणतें हें सांगण्याची गरजच नव्हती. पण साखळी सुटून मणी विखुरल्यावर कोणता मणी कोणाच्या शेजारचा हें कसें ओळखावें? वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस बसून पटवर्धनी दप्तरांतील पत्रें लावलीं, राजवाड्यांनीं आपलीं लावलीं, सरदेसायांनीं पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत काढले. या सर्वांच्या आयुष्याचा केवढा तरी भाग केवळ पत्रांस वर्षें लावण्यांत खर्च झाला, आणि एवढें करूनहि चुका राहून गेल्या, त्या पुढल्या अभ्यासकांस सुधाराव्या लागल्या. चार अक्षरांचा आळस शंभर वर्षांनंतर एका विद्वानाचें आयुष्य खातो! आमच्या तरुण सहकाऱ्यांनीं बैठकींत सांगितलें होतें कीं, वाढीव भाग पाठवितांना तो कोणत्या प्रतीच्या पुढचा आहे ही खूण दोन्ही टोकांस जुळलीच पाहिजे. न जुळल्यास पलीकडचा सर्व्हर तो भाग स्वीकारीतच नाहीं. तेव्हां मला वर्ष नसलेल्या त्या पत्रांची आठवण झाली. यंत्र हट्टी असतें हा त्याचा येथें गुणच म्हणावयाचा.

याच काळांत आपल्या देशांत दुसरी एक लेखनपद्धति पाय रोवीत होती. ईस्ट इंडिया कंपनीचे मालक लंडनास आणि कारभारी कलकत्त्यास. मध्यें कित्येक महिन्यांचा समुद्र. जहाज बुडे, फ्रेंच तें पकडीत, कीं कागद भिजून जात. म्हणून महत्त्वाचें पत्र एका जहाजानें गेलें तर त्याचीच दुसरी प्रत दुसऱ्या जहाजानें जाई, कधीं तिसरीहि जाई. पत्राच्या परिच्छेदांस अंक असत, आणि उत्तरांत अमुक तारखेच्या पत्राचा अमुक परिच्छेद असा उल्लेख करून एकेकाचा निकाल लागे. हा झाला वाढीव भाग, क्रमांक घालून आणि दोनदां पाठविलेला. पण त्यावर विसंबून कंपनी राहिली नाहीं. कलकत्त्याच्या कौन्सिलापुढें जें जें काम होई त्याचीं बाडें, तींत आलेल्या पत्रांच्या नकलांसह, पुन्हां लिहून काढून लंडनास पाठवीत. लेखकांचा केवढा ताफा या कामीं राबत असेल याची कल्पना करावी! व्यापारी कंपनीनें हा खर्च हौसेनें केला नव्हता. जेथून हुकूम सुटावयाचे तेथें पूर्ण चित्र पाहिजे, तुकडे चालणार नाहींत, हें तिला व्यापारांतल्या अनुभवानें कळलें होतें. त्या बाडांपैकीं एक प्रत आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आणि दुसरी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. एका ठिकाणीं वाळवीनें खाल्लेलें पान दुसऱ्या ठिकाणीं वाचावयास मिळण्याची आशा राहते, ती त्या नीरस नकलनविशांच्या कृपेनें.

या पद्धतीची कसोटी १८१७ त लागली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, आणि पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनीं जाळली. एल्फिन्स्टनचा मोठ्या आवडीनें जमविलेला ग्रंथसंग्रह तींत खाक झाला. हाच एल्फिन्स्टन पूर्वीं, देवगांवच्या तहानंतर, १८०४ पासून कांहीं वर्षें आपल्या नागपुरास रेसिडेंट होता. येथें असतांना त्यानें लिहिलेले खलिते त्या आगीच्या वाटेंत नव्हतेच. ते कलकत्त्यास कधींच जाऊन पोहोंचले होते. आवडीचीं पुस्तकें एकाच ठिकाणीं होतीं, तीं गेलीं. कर्तव्य म्हणून पाठविलेलीं पत्रें राहिलीं.

आतां नागपूरचा जमाखर्च मांडूं. या शहराच्या वांट्यास संकटें थोडीं आलीं नाहींत. १७६९ त, जानोजींशीं झालेल्या युद्धांत, माधवराव पेशव्यांच्या फौजेनें नागपूर लुटलें; पुण्याची फेड झाली म्हणावयाची. १८११ त पेंढारी राजधानीपर्यंत आले आणि त्यांनीं एक पुरा जाळला. १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस सीताबर्डीची लढाई झाली. पुढल्या महिन्यांत अरब शिपाई शहर धरून बसले आणि त्यांच्यावर तोफा चालल्या. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी वारले, १८५४ त डलहौसीनें राज्य खालसा केलें आणि राजघराण्याची दौलत लिलांवांत निघाली. शेवटीं १८६४ त काळ्या दगडाचा आणि लांकडी कोरीव कामाचा तो भोसल्यांचा वाडाच जळाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. महालांतून जातांना तो आजहि दिसतो. त्याच्याखालून जाणाऱ्या वाहनांच्या गर्दींत क्षणभर थांबून पाहिलें तर कळतें कीं, दरवाजा उरला, पण ज्याचा तो दरवाजा तें घर नाहीं.

ज्या राजधानीचें असें झालें तिच्या दप्तराची काय कथा! पेशव्यांचें दप्तर, दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं त्याची हेळसांड होऊनहि, हजारों रुमालांच्या रूपानें पुण्यास उभें आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारची तशी अखंड रोजकीर्द आपल्यापुढें नाहीं. आणि तरीहि नागपूरचा इतिहास लिहिला गेला. तो कशावरून? यादव माधव काळे यांनीं 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ सालीं लिहिला, आणि पुढें पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारांतील नागपूरविषयक इंग्रजी खंड संपादिला. सरदेसायांच्या पेशवे दप्तराचा एक सबंध खंड नागपूरकर भोसल्यांचा आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनीं नागपूरच्या राजकारणाचीं मराठी पत्रें दोन खंडांत १९५४ व १९५९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून प्रसिद्ध केलीं. हीं पत्रें वाईजवळील मेणवलीच्या वाड्यांतलीं, म्हणजे नाना फडणिसांच्या दप्तरांतलीं. येथील बातमी नानाकडे जाई आणि नाना कागद टाकून देत नसे. १९५० पासून पुढें हरेंद्रनाथ सिन्हा यांनीं नागपूर रेसिडेन्सीच्या दप्तरांतील निवडक कागद काढले. म्हणजे आपल्या शहराची ओळख आपणांस मेणवलीनें करून दिली, पुण्यानें करून दिली आणि कंपनीच्या कचेरीनें करून दिली. ज्या पुण्याचे कागद जळत असतां आमचे जानोजी शत्रूच्या गोटांत होते, त्याच पुण्याच्या उरलेल्या कागदांत आज जानोजींचें चरित्र शोधावें लागतें!

पत्रांच्या या साखळीस एक खुंटाहि लाभला. रिचर्ड जेंकिन्स हा सुमारें दोन दशकें नागपुरास होता. आप्पासाहेबांस पदच्युत केल्यावर, राजाच्या अल्पवयांत, कारभाराचीं सूत्रें त्याच्याच हातीं आलीं. त्यानें नागपूरच्या मुलुखावर एक विस्तृत अहवाल लिहिला. तो १८२७ त कलकत्त्यास छापला गेला. त्यांत मुलूख, लोक, व्यापार, वसूल, न्याय, मागील राजांचा वृत्तांत, सर्व एका जागीं आहे. वीस वर्षांच्या खलित्यांची रोजकीर्द एका ताळेबंदांत बांधावी तसा हा ग्रंथ आहे, आणि छापला गेल्यामुळें त्याच्या प्रती अनेक गांवीं पसरल्या. सुटीं पत्रें वाचतांना वाट चुकली म्हणजे आजहि अभ्यासक त्याचा आधार घेतो.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, मग तक्रार कशाची? दुसरीकडे प्रत होती आणि इतिहास वांचला. तक्रार अशी कीं, वांचलें तें पाठविलें होतें तेवढेंच. नानाच्या बातमीदारानें तेंच लिहिलें जें नानास हवें होतें: फौज किती, पैका किती, कोण कोणास भेटला, कोणाचें कोणाशीं बिनसलें. रेसिडेंटानें तेंच लिहिलें जें कलकत्त्यास हवें होतें. आपल्याच रोजकीर्दींत सांपडावयाच्या हजार गोष्टी, कोणत्या देवळास तेल लागलें, कोणत्या कोष्ट्यास कोणत्या शेल्याचे किती रुपये मिळाले, कोणाच्या विधवेस नेमणूक करून दिली, या दूरच्या गांवीं पाठविण्याजोग्या कोणास वाटल्या नाहींत. आपण स्वतःची प्रत स्वतः ठेवली नाहीं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनीं घेतलेली आपली नक्कल पत्करावी लागते. पूर्ण कीं वाढीव या वादाच्या आधीं हा एक प्रश्न येतो, आणि तोच बहुधा विचारावयाचा राहून जातो: पाठवावयाचें काय, आणि हें ठरविणार कोण?

आणखी एक इशारा इतिहास देतो. नक्कल प्रामाणिक असली म्हणजे ती चुकीचीहि प्रामाणिक नक्कल करते. ज्ञानेश्वरींत पुढील काळांत पाठभेद आणि प्रक्षेप शिरले. एकनाथांनीं शके १५०६ त, म्हणजे १५८४ सालीं, तिचें शुद्धीकरण केलें. नवी प्रत निघाली कीं जुनी मोडींत काढावयाची असा परिपाठ असता, तर ताडून पाहण्यास नाथांपुढें काय उरलें असतें? संगणकावर हा धोका अधिक वेगानें येतो. येथें चुकून एक कपाट पुसलें गेलें तर रात्रीं पुण्याचेंहि तेंच कपाट तितक्याच तत्परतेनें पुसलें जाईल. म्हणून नवी पूर्ण प्रत आली तरी मागची एक कांहीं काळ राखून ठेवणें हा कंजूषपणा नव्हे, शहाणपण आहे.

पुढल्या बैठकींत मीं एवढेंच मांडलें. आरंभीं एकदां संपूर्ण संग्रह, रात्री कितीहि लागोत, पुण्यास जाऊं द्यावा. त्यानंतर दररोज फक्त वाढीव भाग जावा. प्रत्येकावर क्रम आणि पूर्ण तारीख, सालासकट, असावी. ठराविक काळानें पुन्हां एक पूर्ण प्रत जावी, म्हणजे साखळी फार लांबणार नाहीं. दोन्ही टोकांचा ताळा पाहावा. आणि वर्षांतून एक दिवस, येथील सर्व्हर नाहींच असें समजून, केवळ पुण्याच्या प्रतीवरून संग्रह उभा करून पाहावा. कारण न उघडलेला रुमाल शाबूत आहे असें मानणें हा केवळ आशावाद होय. शेवटचें कलम असें कीं, काय पाठवावयाचें याची निवड करूं नये. फाटकें, क्षुल्लक, घरगुती वाटणारें, सर्व जावें.

तरुण सहकाऱ्यांनीं सांगितलें कीं, शेवटचें कलम सोडून बाकीचें सारें त्यांच्या शास्त्रांत आधींच लिहिलेलें आहे. तें ऐकून मला आनंद झाला. वडील सभासदांनीं पुन्हां स्वस्ताईचा प्रश्न काढला, तेव्हां त्यांस मीं एवढेंच म्हटलें, "महालांत जाऊन नगारखान्याचा दरवाजा एकदां पाहून या." ते नागपूरचेच असल्यामुळें अधिक सांगावें लागलें नाहीं. ठराव मंजूर झाला. पहिली पूर्ण प्रत पुण्यास पोहोंचण्यास किती रात्री लागल्या त्या मीं मोजल्या नाहींत. पण ती पोहोंचल्याचा निरोप आला त्या दिवशीं माझ्या टिपणवहींत मीं जुन्या रीतीनें 'पौ' असें लिहून ठेवलें, आणि पुढें वर्षहि घातलें.